घरात न वाजवायची धून

आमच्या डोंबिवलीच्या घरात साठ व्हायोलिनवाले राहतात. चेष्टा नाही करत. आतल्या खोलीत, सर्वेशच्या कम्प्युटरमध्ये. शिवाय बासरीवाले, ढोलवाले, भलेमोठे पितळी भोंगे फुंकणारे, सगळे परदेशातले लोक, कुठल्यातरी मोठ्या हॉलमध्ये बसून एकेक सूर वाजवून गेलेले. आमचा पोरगा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवतो की ते सगळे एकदम वाजवायला लागतात. कुणाला चहा द्यायला नको, कुणाला मोरी दाखवायला नको. असले पाहुणे मी जन्मात पाहिले नाहीत.

सर्वेश त्यांच्या जिवावर लोकांच्या शॉर्टफिल्मला, जाहिरातींना मागचं म्युझिक करून देतो. काम मिळतं, वाईट नाही. पण मी सांगणारे ते त्या साठ जणांचं नाही. आमच्या ह्यांचं.

आमचे हे, म्हणजे जगन, कल्याणच्या एका बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि गाल असे फुगायचे की रुचिता लहानपणी त्यांना टाचणी लावायला धावायची. रुचिता माझी थोरली, सर्वेश धाकटा. वरातीत नाचायची गाणी तर काय, कुठलाही बँड वाजवतो. यांचं नाव झालं ते पाठवणीमुळे. नवरी निघताना सगळा बँड गप्प व्हायचा आणि हे एकटे पुढे येऊन स्वतः बांधलेली धून वाजवायचे. कल्याणपासून खडवलीपर्यंत लोक यांना पाठवणीसाठी बोलवायचे. म्हणायचे, जगन वाजवायला लागला की नवरीचा बाप तर रडतोच, मंडपवालाही रडतो.

आणि ही धून माझ्या रडण्याची. हो! माझ्या लग्नात मी जीपमध्ये बसले ती थेट सातारा रोड स्टेशन येईपर्यंत रडत होते. आधी दोन बारीक हुंदके, मग एक लांब ओढ, आणि मग श्वास अडकायचा. हे शेजारी बसून गपचूप ऐकत होते. मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय. कसलं काय, हे मनात सूर लावत होते. पुढे कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीकाठी बसून त्यांनी त्याची धून केली. मला कळलं तेव्हा म्हटलं, "अहो, माझं रडणं विकून खाल्लंत की!" तर म्हणाले, "फुकट कशाला जाऊ द्यायचं?"

आता ऐका गंमत. जिच्या रडण्याची धून, तिने ती कधी ऐकलीच नाही.

कारण यांच्या उस्तादांनी घातलेला नियम. ज्या घरात लग्नाची पोरगी आहे त्या घरात पाठवण वाजवायची नाही. वाजवली की पोरीचं मन आधीच घरातून उठतं, नाहीतर तिला स्थळच येत नाही, असं काहीतरी. हे बाकी देवाधर्माचं फार करणारे नाहीत, पण हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्न करून आले तेव्हा घरात नणंद लग्नाची. तिच्या लग्नात यांनी वाजवली, तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी. परत आले ती रुचिताला घेऊनच. म्हणजे पुन्हा घरात पोरगी आली. आणि बँडवाल्याची बायको काही लोकांच्या लग्नात बँडच्या मागे फिरत नाही. मी किती वेळा म्हटलं, दार लावून हळूच वाजवा. "रुचिताच्या लग्नात पोटभर ऐक की," हे म्हणायचे. "तुझ्या समोर उभा राहून वाजवीन. तेव्हा परत रड, नवीन काहीतरी बांधू."

हसायचे आपले. मीही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी सर्वेशच्या डोक्यात आलं की पप्पांचं क्लॅरिनेट कम्प्युटरमध्ये घालायचं. त्याच्याकडे परदेशी क्लॅरिनेट होतं, पण ते म्हणे फार सभ्य वाजतं. आपल्या बँडचा तो चिरका, उन्हातला आवाज त्यात नाही. तोवर यांचा बँड तसाही बसलेला, सगळीकडे डीजे. हे घरी रिकामे. पोराने विचारलं आणि यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पहिल्या दिवशी तर लाल कोट घालून बसले. मी म्हटलं, "अहो, माइकला दिसत नाही." म्हणाले, "मला दिसतं ना."

मग सुरू झाला तो प्रकार. मला वाटलेलं गाणी वाजवतील. छे! एक सूर. पूं. थांबा. तोच सूर, हळू. थांबा. तोच सूर, जोरात. तोच सूर, आखूड. मग पुढचा. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी बंद, ती तशीही बंदच असते कारण उघडली की केमिकल कंपन्यांचा वास येतो. कुकर लावायचा नाही. दुपारची जेवणं संध्याकाळी. शिट्टी झाली की सर्वेश आतून ओरडायचा, "आई! परत घ्यावं लागेल!" मी एकदा चिडून म्हटलं, "ह्या घरात भाताला पण तुझी परवानगी लागते का रे?"

हे घामाने निथळत एकेक सूर द्यायचे. वैतागले नाहीत. फक्त मध्येच विचारायचे, "सर्वेश, एखादं पूर्ण वाजवू का? बोटं शिवशिवतायत."

"नको पप्पा, गाण्याचा उपयोग नाही. सूर असले की मी काहीही वाजवू शकतो."

"काहीही?"

"काहीही. तुमची ती पाठवणसुद्धा. हवं तर वाजवून ठेवा ना, बघून घेईन."

"गप रे. ताई घरात आहे तुझी."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. वाटलं, आत जाऊन म्हणावं, वाजवा हो, एवढ्या वर्षांत रुचिताला स्थळं येतायत ती काय नियम बघून येतायत? पण हे ऐकणारे नव्हते. मलाही ते माहीत होतं.

सूर घेऊन झाले. सर्वेशने महिनाभर बसून ते साफ केले. सुराच्या आधीचा श्वास कापला, बोटांखालच्या चाव्यांची खटखट कापली, मागचा खोकला, "झालं का रे?" हे सगळं कापलं. मग यांना बोलावून दाखवलं. पट्टी दाबली की पप्पा. यांनी स्वतः एका बोटाने दाबून बघितलं आणि लहान पोरासारखे हसले. "शीला, बघ, मी मेलो तरी वाजणार." मी म्हटलं, "तोंडाला काही कुलूप?"

तोंडाला कुलूपच लागलं. यांच्या.

गेल्या थंडीत एका सकाळी उठले आणि चूळ भरली ती डाव्या बाजूने सांडली. मी बघते तर अर्धा चेहरा उतरलेला, डोळा मिटत नाही. आमच्याकडे म्हणतात वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, हातापायाला काही नाही, देवाची कृपा समजा, येईल हळूहळू. आलंही बरंचसं. बोलणं सुधारलं, डोळा मिटायला लागला. ओठाचा डावा कोपरा तेवढा लोंबता राहिला. चहा पिताना तिथून ओघळायचा. मग मी शेजारी बसून बोटाने तो कोपरा दाबून धरायचे. पहिल्यांदा चिडले, "मी काय बाळ आहे?" नंतर सवय झाली. रोज सकाळी चहा, आणि त्यांच्या गालावर माझं बोट. बोलायचो दुसऱ्याच गोष्टी, गॅस संपला, पाणी आलं नाही.

महिना-दीड महिन्याने त्यांनी क्लॅरिनेट काढलं. मी बाजारातून आले तर हे खाटेवर बसलेले, मांडीवर वाद्य. तोंडात धरायची ती वेताची पत्ती ओली करून लावली होती. म्हणाले, "कोपऱ्यातून हवा जाते. फुस्स होतं नुसतं." एवढंच. पेटी माळ्यावर ठेवून आले. येईल हळूहळू, हेच सगळे म्हणत होते.

आणि तेवढ्यात रुचिताचं जमलं. कळव्याचा मुलगा, रत्नदीप. चांगला आहे, शांत आहे, आमच्या रुचितापुढे शांतच लागतो. तारीख काढली. घरात सगळे खूश. पण मी या माणसाला ओळखते. पत्रिका हातात घेऊन हे बसले होते आणि उजव्या हाताची बोटं पत्रिकेच्या कडेवर हलत होती.

रुचिताच बोलली शेवटी. तिचं तोंड माझ्यावर गेलंय, पोटात काही राहत नाही. "पप्पा, माझ्या पाठवणीला दुसरं काही वाजलेलं मला चालणार नाही. सांगून ठेवते. नाहीतर मी गाडीत बसणार नाही."

"मग बसू नकोस," हे म्हणाले. "राहा घरात. मी कुठे नको म्हणतो."

दोघं हसली आणि दोघांचेही डोळे भरले. मी उठून दूध बघायला गेले.

दुसरं कोण वाजवणार? बँडात दुसरा क्लॅरिनेटवाला नव्हता. आनंदा ट्रम्पेटवाला म्हणाला मी वाजवतो, पण ट्रम्पेटवर पाठवण म्हणजे सासरच्यांशी भांडण काढल्यासारखं. मग मी म्हटलं, अरे, एवढ्या लग्नांत वाजवलंय, कुठेतरी व्हिडिओ असेलच की! सर्वेशने फोन फिरवले. एक मोबाईलवरची क्लिप मिळाली, त्यात नवरीच्या मावशीचा हंबरडा आणि गाडीचा हॉर्न, आणि मागे कुठेतरी डास गुणगुणावा तसे हे. मग खडवलीच्या सखुबाईंचा निरोप आला की आमच्याकडे सीडी आहे, अख्ख्या लग्नाची.

मी आणि सर्वेश गेलो. म्हातारी दारातच यांची चौकशी करून रडायला लागली. "माझी लेक गेली तव्हा तुझ्या घरवाल्यानं वाजवलं गं, अजून कानात हाय." सीडी लावली. हळद, जेवणावळी, कंटाळवाणे आहेर. मग पाठवण आली. पडद्यावर हे! तरणेबांड, लाल कोटात, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. आणि आवाज? आवाज कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याचा. व्हिडिओवाल्याने सगळ्या लग्नावर गाणी चिकटवलेली. तेव्हा सगळे तसंच करायचे, लोकांना तेच आवडायचं.

मी पडद्यासमोर बसून होते. माझा नवरा माझं रडणं वाजवतोय, मला त्याची बोटं दिसतायत, गाल दिसतायत, आणि कानात कुणीतरी भलतीच बाई प्रेमाचं गाणं म्हणतेय. मला इतका राग आला की रिमोट फेकावा. सर्वेश पुढे सरकून सरकून बघत होता. येताना खडवली स्टेशनवर बाकावर बसलो तेव्हा म्हणाला, "आई, माझ्याकडे सगळे सूर आहेत ना. मी बनवतो."

मी म्हटलं, बनव बाबा. देवाने तेवढ्यासाठीच बुद्धी दिली असेल तुला.

आता घरात धून बनवायची म्हणजे नियमाचं काय? तो यांनीच सोडवला. म्हणाले, हेडफोन. घरात आवाज झाला नाही म्हणजे झालं. दोघांच्या कानात दोन हेडफोन, एक वायर इकडे, एक तिकडे. हे तोंडातल्या तोंडात सूर सांगायचे, सर्वेश पट्ट्या दाबायचा. बाहेरून बघावं तर बापलेक मुक्यासारखे बसलेत आणि माना हलवतायत. रुचिता डोकावून म्हणायची, "काय चाललंय?" तर दोघं एकदम, "तू जा गं!"

पाच-सहा दिवसांनी सर्वेश म्हणाला, झालं. मागे साठच्या साठ व्हायोलिन घातली होती. यांच्या कानावर हेडफोन ठेवले आणि लावलं. मी दारात उभी. ऐकू काही येत नव्हतं, मी यांचं तोंड बघत होते. ऐकता ऐकता कपाळावर आठी आली.

"ही गर्दी कशाला रे? पाठवणीला घरची माणसं असतात."

सर्वेशने व्हायोलिन काढली. पुन्हा लावलं. हे डोळे मिटून ऐकत राहिले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"सूर माझेच आहेत," म्हणाले. "पण हा माणूस श्वास कधी घेतो?"

सर्वेशला कळलं नाही.

"अरे, धून सगळी श्वासात आहे. दोन बारीक, एक ओढ, आणि मग अडकतो तो श्वास. तिथेच तर माणसं रडतात. ह्याचा अडकतच नाही. हा म्हणजे पाणी सोडून ठेवलेला नळ."

"श्वास... पप्पा, श्वास मी कापले होते सगळे. साफ करताना."

"मग जोड परत."

मी म्हटलं, "काय रे? तोंड का पडलं?"

"मूळचं रेकॉर्डिंग नाहीय, आई. डिस्क भरली होती. नवीन व्हायोलिन टाकायची होती, तर ते... उडवलं मी."

मला काय झालं मला माहीत नाही. मी ओरडलेच. "परक्या देशातल्या माणसांना जागा केलीस आणि बापाचा श्वास टाकून दिलास? एवढी घाण वाटली त्याची? ते साठ जण येणार आहेत का तुझ्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला?" बोलायला नको होतं तेवढं बोलले. पोराने कम्प्युटरवर डोकं ठेवलं आणि रडायला लागला, पंचवीस वर्षांचा घोडा. हे मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मग मला म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्याने मागितलं तेव्हा मी नियम सांगत बसलो. एकदा वाजवलं असतं तर होतं की सगळं. श्वाससुद्धा, खोकलासुद्धा."

आणि हे म्हणताना त्यांचा ओठ इतका थरथरला की मला माझा राग कुठे ठेवू कळेना.

दुसऱ्या दिवशी सर्वेश म्हणाला, "पप्पा, तुम्हाला वाजवता येत नाही. पण श्वास घेता येतो ना?"

परत माइक लागला. परत पंखा बंद, फ्रिज बंद. मी न सांगता कुकर उतरवून ठेवला. यांनी हेडफोन लावले, माइकसमोर बसले, बोटं हवेत धरली, खोटंच क्लॅरिनेट धरल्यासारखी. सर्वेशने धून लावली यांच्या कानात. आणि हे तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागले.

मी उंबऱ्यावर बसले होते. खोलीत दुसरा आवाज नाही. नुसते श्वास. दोन बारीक. मग खूप वेळ काहीच नाही, बोटं हलतायत. मग एक श्वास आत जाता जाता मध्येच अडकला, आणि मला जीप आठवली. जीपची ती फाटकी सीट आठवली, हिरवा चुडा आठवला, आईने पदरात बांधलेली चुरमुऱ्यांची पुरचुंडी आठवली. माझ्या रडण्याची धून मी पहिल्यांदा ऐकली ती अशी, तिच्यात एकही सूर नसताना.

लग्न कल्याणच्या हॉलमध्ये झालं. छान झालं. खोटं कशाला बोलू, जेवण पण छान होतं. पाठवणीच्या वेळी सर्वेशने दाराजवळ दोन स्पीकर लावून ठेवले होते, लॅपटॉप खुर्चीवर. यांनी लाल कोट घातला होता. मी नको म्हटलं होतं, लोक काय म्हणतील, नवरीचा बाप बँडच्या कोटात. पण ऐकतील तर शपथ. हातात काही नव्हतं. नुसता कोट.

रुचिता पाया पडायला वाकली आणि सर्वेशने बटण दाबलं.

वाजली धून. सगळ्या हॉलमध्ये वाजली. स्वच्छ, मोठी, एकही सूर हलला नाही, आणि जिथे हवे तिथे श्वास. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पण रडले, पण मी लेक चालली म्हणून रडले, कुठल्याही आईसारखी. धून मी ऐकत होते आणि ती मला सापडत नव्हती. शेजारची एक बाई रडता रडता माझ्या कानाशी म्हणाली, "काय म्युझिक आहे हो! कुठल्या पिक्चरचं?"

खडवलीच्या म्हातारीचा टीव्ही डोळ्यांसमोर आला.

यांनी रुचिताला मिठीत घेतलं होतं. धून संपेपर्यंत सोडलं नाही. मग गाडी गेली, स्पीकर बंद झाले, हॉलवाला विचारायला आला की दिवे घालवू का.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिताचा कळव्याहून फोन आला. पोहोचलो, झोप झाली, सासूबाई बऱ्या आहेत, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "आई, एक सांगू? काल पप्पा माझ्या पाठीवर वाजवत होते. सगळी धून. बोटं कळत होती मला. स्पीकरपेक्षा ते थोडे मागे होते. मी तेच ऐकत होते."

सर्वेश स्पीकर परत करायला गेलेला. घरात आम्ही दोघंच. दाराला झेंडूचं तोरण, फरशीवर हळदीचे डाग, रुचिताची चप्पल तशीच कोपऱ्यात. यांना चहा दिला, कोपऱ्यावर बोट धरलं, चहा झाला. हे खोलीभर नजर फिरवत म्हणाले, "शीला, आता घरात लग्नाची पोरगी नाही."

"नाही."

"म्हणजे वाजवायला हरकत नाही."

मी स्टूल घेऊन माळ्यावरून पेटी काढून दिली. त्यांनी तुकडे जोडले, पत्ती जिभेवर ओली केली, बराच वेळ लावला. तोंडाला लावून फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. फुस्स. डाव्या कोपऱ्यातून सगळी हवा बाहेर.

मी काही विचार नाही केला. रोजची सवय. हात पुढे गेला आणि मी बोटाने तो कोपरा दाबला.

आणि वाजलं.

घोगरं, फाटलेलं, शेजारच्यांना बकरीचं पिल्लू वाटलं असेल. पण वाजलं. यांचे डोळे एवढे मोठे झाले. मीही हललेच नाही. पुन्हा श्वास घेतला, आणि वाजवलं. दोन बारीक. एक ओढ, मध्ये थरथरत गेलेली, सूर खाली घसरलेला, परत सावरलेला. मग अडकला श्वास. माझ्या बोटाखाली अडकला. ती मीच होते, बाई. जीपमधली. मशीनमध्ये नव्हते, सीडीत नव्हते, इथे होते, या वाकड्या तोंडात.

हे थांबले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही तेच कळलं आणि दोघांनीही ते बोलायचं टाळलं. पण मी कुठली टाळणार.

"अहो, हे बोट तर रोजचंच होतं," मी म्हटलं. "सहा महिने रोज सकाळी इथेच होतं. काल पण चहाला धरलं होतं. हॉलमध्ये पण मी तुमच्या शेजारीच उभी होते ना हो!"

"सुचलं नाही," हे म्हणाले.

"एक ओळ तरी वाजली असती. तिच्यासमोर. एवढी एक ओळ."

"सुचलं नाही गं."

मी रडायला लागले. असं रडले की पाठवणीत पण नव्हते रडले. यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, "फोन लावते. रुचिताला फोनवर ऐकवा. आत्ता. लावू?"

त्यांनी मान हलवली. "गेलेल्या पोरीला परत कोण पाठवतं?"

"मग पुढचं वाजवा. मी ऐकते. एवढी वर्षं थांबलेय मी."

त्यांनी क्लॅरिनेट उचललं. तोंडाजवळ नेलं. मी बोट लावलं, दाबून धरलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, पत्ती काढली, आणि धोतराच्या फडक्याने पुसायला लागले.

"पुढचं तिच्यासाठी होतं," म्हणाले.

माझं बोट त्यांच्या गालावर तसंच होतं.